सीटीडी बिघडलेला नाही, दोन पाण्यांमधली सीमा हलते आहे

नमस्कार. तुमचा प्रश्न मला समजला तो असा. ऑगस्टमध्ये, भांगाच्या (मंद भरती-सुकतीच्या) दिवसांत, कोकणातल्या एका खाडीत तुम्ही ८ मीटर पाण्यात होडी नांगरून सीटीडीचे (खोलीनुसार क्षारता आणि तापमान मोजणाऱ्या उपकरणाचे) कास्ट, म्हणजे उपकरण पाण्यात सोडून घेतलेल्या नोंदी, घेत होता. वर ३ मीटर मचूळ पाणी, क्षारता ५ च्या आसपास (किलोमागे ५ ग्रॅम मीठ). खाली ५ मीटर खारं पाणी, क्षारता ३०. होडीपासून साधारण १५० मीटरवर, समुद्राच्या बाजूला, तळावर २ मीटर उंचीचा खडपाचा उंचवटा आहे. सुकती संपत आली तेव्हा दहा मिनिटांच्या अंतराने घेतलेल्या दोन कास्टमध्ये खारं पाणी एकदा ३ मीटरवर लागलं आणि एकदा ४.५ मीटरवर. फिशफाइंडरच्या (ध्वनीने तळ दाखवणाऱ्या इको साउंडरच्या) पडद्यावरची मधली काळी रेघसुद्धा वीसेक मिनिटं, साधारण दोन-दोन मिनिटांनी, खाली जाऊन वर येत होती. पृष्ठभाग मात्र जवळजवळ सपाट. सेन्सर बिघडला का, आणि या सगळ्या कास्टची खोलीनुसार सरासरी काढली तर चालेल का, असं तुम्ही विचारलं आहे.

सेन्सर बहुधा ठीक आहे. दोन वेगवेगळी उपकरणं एकच गोष्ट सांगताहेत, आणि त्यातलं एक क्षारता मोजतच नाही. सरासरीचं मात्र थांबा. तुमच्या प्रश्नातला महत्त्वाचा भाग तोच आहे. खोलीनुसार सरासरी काढलीत तर खाडीत न झालेली सरमिसळ तुमच्या कागदावर झालेली दिसेल.

आधी एक मान्य करायला हवं: पुढचं सगळं परिस्थितीवर अवलंबून आहे. पाऊस किती, नदीला पाणी किती, उधाण की भांग, सुकतीचा कितवा तास, आणि तळाचा थर खरोखर वाहत होता की पडून होता. हीच खाडी मे महिन्यात मोजाल तर यातलं काही दिसणार नाही, कारण तेव्हा नदीचं पाणी आटलेलं असतं आणि भरती-सुकती सगळं पाणी तळापासून वरपर्यंत ढवळून टाकते. गोव्यात मांडवी आणि जुवारीतही हेच दिसतं, पावसाळ्यात थर आणि उन्हाळ्यात एकजीव पाणी. भांगाला प्रवाह मंद असल्याने थर टिकतात, उधाणाला ते बरेचदा मोडतात. तुम्ही नेमके थर टिकण्याच्या दिवसांत गेलात.

आता दोन थरांमधली ही सीमा इतकी का हलते ते पाहू. पाण्याच्या पृष्ठभागावरची लाट हवेच्या विरुद्ध उठते. पाणी हवेपेक्षा शेकडो पट जड, म्हणून ते झटकन खाली खेचलं जातं. तुमच्या दोन थरांत फरक आहे तो घनमीटरमागे जेमतेम १९ किलोचा (वर साधारण १,००० आणि खाली १,०१९). त्यामुळे सीमेवर गुरुत्व जणू पन्नासाव्या हिश्श्याहूनही कमी होऊन काम करतं: ९.८ ऐवजी ०.१८ मीटर प्रतिसेकंद वर्ग. याला घटलेलं गुरुत्व म्हणतात. सीमा वरखाली करायला फार कमी जोर लागतो, आणि एकदा हलली की ती सावकाश परत येते.

लांब लाटेचा वेग काढायचा तर घटलेलं गुरुत्व गुणिले दोन्ही थरांच्या जाडीचा गुणाकार, भागिले एकूण खोली, आणि त्याचं वर्गमूळ. तुमच्या आकड्यांनी ०.१८३ × ३ × ५ ÷ ८ चं वर्गमूळ, म्हणजे सेकंदाला ०.५९ मीटर. त्याच ८ मीटर खोलीत पृष्ठभागावरची लांब लाट जवळजवळ ९ मीटर वेगाने जाते. हा पंधरापट फरकच सगळ्याच्या मुळाशी आहे. पृष्ठभागावरच्या लाटेला खाडीचा प्रवाह अडवू शकत नाही. सीमेवरची लाट मात्र माणसाच्या रमतगमत चालण्याहून हळू जाते, आणि सुकतीचा प्रवाह सहज तेवढा असतो. म्हणून तो तिला जागच्या जागी धरून ठेवू शकतो.

आता तळाचा उंचवटा. प्रवाह लाटेच्या तुलनेत किती वेगवान आहे ते फ्रूड अंक सांगतो. प्रत्येक थरासाठी त्या अंकाचा वर्ग काढा: थराच्या वेगाचा वर्ग, भागिले घटलेलं गुरुत्व गुणिले त्या थराची जाडी. दोन्ही थरांचे वर्ग मिळवा. बेरीज १ पेक्षा कमी असेल तर लाट प्रवाहाविरुद्ध वर चढू शकते, जास्त असेल तर वाहून जाते, आणि १ ला पोचली की तिथेच अडकते. समजा सुकतीच्या भरात वरचा थर ०.६ आणि खालचा ०.३ मीटर प्रतिसेकंद वाहतो आहे. सपाट जागी वरच्याचा वर्ग ०.६६, खालच्याचा ०.१०, बेरीज साधारण ०.७५. आता उंचवट्याच्या माथ्यावर या. खालच्या थराला ५ ऐवजी ३ मीटरच जागा उरली, म्हणून तेच पाणी ०.५ ने धावणार. त्याचा वर्ग ०.४६ होतो आणि बेरीज १.१ वर जाते. म्हणजे माथ्यावर प्रवाहाने लाटेला गाठलं. प्रत्यक्षात सीमा तिथे सपाट राहत नाही, त्यामुळे आकडा नेमका १.१ येणार नाही, पण उंबरठा ओलांडला जातो हे यातून कळतं.

इथे एक नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे. लहान उंचवट्यावर सीमा किती ढळेल? उंचवट्याची उंची गुणिले खालच्या थराचा फ्रूड वर्ग, भागिले (१ वजा दोन्हींची बेरीज). वरच्या आकड्यांनी ०.१० ÷ ०.२५, म्हणजे ०.४. तळ ३० सेंटीमीटर वर आला तर सीमा १२ सेंटीमीटर खाली जाईल. हो, खाली. तळ वर येतो तिथे सीमा खाली जाते, हे बहुतेकांना उलटं वाटतं, आणि मग ते ‘खोलीचा डेटा चुकला’ म्हणून तो भाग वगळून टाकतात. बेरीज १ च्या वर असेल तेव्हाच उंचवट्यावर सीमा वर चढते.

याच नियमातून आणखी दोन गोष्टी निघतात. खालचा थर स्थिर असेल तर त्याचा वर्ग शून्य, आणि मग तळ कितीही खडबडीत असो, सीमेला त्याची खबरसुद्धा लागत नाही. नदीला पूर असताना वरचं पाणी कितीही धावो, खाली खारं पाणी पाचरीसारखं पडून असेल तर खडपामुळे लाट उठणार नाही. म्हणून खालच्या थराचा वेग मोजल्याशिवाय ‘उंचवट्यामुळे लाट’ असं लिहू नका. दुसरं म्हणजे बेरीज १ च्या जवळ गेली की छेद शून्याकडे जातो आणि लहानशा दगडालाही सीमा अतोनात दाद देते. तेव्हा हे सरळ गणित मोडतं आणि खरं नाट्य सुरू होतं. उंचवट्याआधी खारं पाणी तुंबतं. माथ्यावरून ते पातळ थर होऊन उतारावरून जोरात खाली घसरतं, आणि पुढे कुठेतरी सीमा एकदम वर उसळते. धरणाच्या सांडव्याखाली पाणी उसळतं तसंच, फक्त पाण्याच्या पोटात. पृष्ठभागावर त्या जागी गढूळ पाण्याचे फुगवटे उकळल्यासारखे वर येताना दिसतात.

तुमची दोन मिनिटांची लय बहुधा पुढच्या टप्प्याची आहे. सुकती जोरात असते तोवर लाटांची रांग उंचवट्याच्या समुद्राकडच्या उतारावर अडकून असते. सुकती ढिली पडली की बेरीज १ च्या खाली येते, रांग सुटते आणि माथा ओलांडून नदीच्या दिशेने, म्हणजे तुमच्या होडीकडे, निघते. ओसरती सुकती ०.२ असेल तर लाट जमिनीच्या हिशेबाने ०.४ वेगाने येईल, म्हणजे १५० मीटरला सहा-सव्वासहा मिनिटं. दोन मिनिटांची लय म्हणजे दोन लाटांत सुमारे ५० मीटर. दोन्ही आकडे पटण्यासारखे आहेत. आणखी एक खूण जुळते. वरचा थर खालच्यापेक्षा पातळ असेल तर अशा सुट्या लाटा सीमेला खाली दाबणाऱ्या असतात, वर उचलणाऱ्या नव्हेत. तुमची रेघ ३ वरून ४.५ पर्यंत खाली जाऊन परत ३ वर येत होती, ३ च्या वर गेली नाही. हाच क्रम मोठ्या मापात ब्रिटिश कोलंबियातल्या नाइट इनलेटमध्ये दिसतो. तिथल्या पाण्याखालच्या उंबरठ्यावर साधारण ६० मीटर पाणी आहे. प्रवाह जोरात असताना त्याच्या मागे लाटा अडकतात आणि प्रवाह ओसरला की उलट दिशेने सुटतात. मापं वेगळी, पण फ्रूड अंकाचा हिशेब तोच.

तरीही हे ठरवण्याआधी बाकीच्या शक्यता खोडून काढा. सगळ्यात साधी शक्यता म्हणजे होडीच सरकली. ८ मीटर पाण्यात ४० मीटर दोर सोडला असेल तर होडी नांगराभोवती मोठ्या वर्तुळात झुलते, आणि सुकती वळताना तर नक्कीच. इको साउंडरच्या नोंदीत तळाची रेघ बघा. सीमेबरोबर तळही वरखाली होत असेल तर होडी उतारावर फिरते आहे. तळ स्थिर आणि सीमाच हलते आहे असं असेल तरच पुढे जा. पुढच्या वेळी होडीच्या पुढच्या आणि मागच्या टोकाला असे दोन नांगर टाका. तीन ते सहा सेकंदांनी तळ आणि सीमा एकदमच दातेरी होत असतील तर ते होडीचं हेलकावणं आहे.

दुसरी शक्यता घुसळणीच्या भोवऱ्यांची. दोन थरांच्या वेगांतला फरक फार वाढला की सीमा स्वतःच गुंडाळू लागते, तिला उंचवट्याची गरज नसते. त्यासाठी रिचर्डसन अंक बघतात: घटलेलं गुरुत्व गुणिले सीमेची जाडी, भागिले वेगांतल्या फरकाचा वर्ग. तो ०.२५ च्या खाली गेल्याशिवाय ही गुंडाळी सुरू होऊ शकत नाही, हे १९६१ मध्ये माइल्स आणि हॉवर्ड यांनी सिद्ध केलं. तुमच्या सीमेची जाडी अर्धा मीटर धरली तर ०.३ च्या फरकाला अंक १ येतो, म्हणजे ती भक्कम आहे. फरक ०.७ झाला तर ०.१९, आता धोका. पण असे भोवरे सीमेच्या जाडीच्या सातपट लांब, म्हणजे साडेतीन मीटर असतात आणि पाण्याबरोबर वाहत जातात. नांगरलेल्या होडीखालून ते पाच-सहा सेकंदांनी जातील, दोन मिनिटांनी नव्हे.

लय तपासताना एक खालची मर्यादाही वापरता येते. अर्धा मीटर जाडीच्या या सीमेचा स्वतःचा झोका साधारण १० सेकंदांचा आहे, आणि ती २ मीटर जाड असती तर २० सेकंदांचा. पाण्याबरोबर वाहत जाणाऱ्या माणसाला याहून जलद अंतर्गत लाट दिसू शकत नाही. नांगरलेल्या होडीवर वाहून जाणाऱ्या लाटा जास्त जलद भासतात, तेवढा हिशेब ठेवा.

पडद्यावरच्या त्या रेघेवर किती विश्वास ठेवायचा? बराच. सरबतात साखर विरघळताना दिसतात तसे तंतू सीमेजवळच्या पाण्यात असतात. खारं आणि गोडं अजून एकजीव झालेलं नसतं, आणि १२० ते २०० किलोहर्ट्झच्या ध्वनीला परतवायला ते पुरतं. त्यात तरंगता गाळ आणि सूक्ष्मजीव सीमेपाशी साठतात, त्याने रेघ आणखी गडद होते. म्हणूनच फक्त रेघेवरून क्षारता ठरवू नका. गाळाचा थर स्वतंत्रपणेही रेघ काढतो. दर वीस मिनिटांनी एक कास्ट घेऊन रेघ नेमकी कुठल्या क्षारतेवर बसते ते जुळवा. दोन थरांतल्या ध्वनिवेगाचा फरक दीड टक्क्याच्या आसपास असतो. त्याने ८ मीटरला फार तर दहाएक सेंटीमीटरची चूक येईल, दीड मीटरची नाही.

सीटीडी सोडताना मात्र चुका सहज होतात. उपकरण सेकंदाला एकच नोंद घेत असेल आणि तुम्ही अर्धा मीटर वेगाने सोडत असाल तर अख्खी सीमा एका नोंदीत निघून जाते. सेकंदाला चार नोंदी आणि पाव मीटर वेग ठेवा, म्हणजे दर ६ सेंटीमीटरला एक नोंद मिळेल आणि ८ मीटरला अर्धा मिनिट लागेल. आधी मिनिटभर पृष्ठभागाखाली बुडवून ठेवा, क्षारता मोजणाऱ्या सेलमधली (नळीतली) हवा निघू द्या. खोली दाबावरून घ्या, दोरावरच्या खुणांवरून नको, कारण प्रवाहात दोर तिरपा होतो. खाली जातानाची नोंद वापरा. वर येताना उपकरणाचा पिंजरा स्वतःबरोबर खालचं खारं पाणी ओढून आणतो आणि सीमा आहे त्यापेक्षा वर दिसते. क्षारता पाण्याच्या विद्युत वाहकतेवरून आणि तापमानावरून काढली जाते. तापमानाचा सेन्सर वाहकतेच्या सेन्सरपेक्षा हळू असतो, त्यामुळे सीमेवर क्षारतेचे टोकदार काटे उमटतात. ते पाणी नसून हिशेबातली चूक असते. स्वस्त पर्याय म्हणून तापमानाची साखळी लावायचा मोह होईल. पावसाळ्यात दोन थरांतला तापमानाचा फरक अनेकदा एखाद्या अंशाचाच असतो, तेव्हा वाहकतेची आपोआप नोंद ठेवणारे लॉगर लावा: २, ३, ४, ५ मीटरवर चार, दर ५ सेकंदांनी एक नोंद.

एडीसीपी (ध्वनीच्या तिरप्या किरणांनी वेगवेगळ्या खोलीवरचा प्रवाह मोजणारं उपकरण) असेल तर खोलीचे अर्ध्या मीटरचे किंवा त्याहून लहान कप्पे ठेवा. तळाजवळचे सुमारे ६ टक्के (२० अंशांच्या किरणांसाठी) टाकून द्या, आणि नेमका तिथेच उंचवट्यावरचा पातळ थर धावत असतो हे ध्यानात असू द्या. ५ मीटर खाली समोरासमोरचे किरण साडेतीन मीटर फाकलेले असतात, म्हणून भोवऱ्यांसारखं बारीक काही त्यातून सुटून जातं. वाळूचा तळ सरकत असेल तर तळावरून मोजलेला होडीचा वेग चुकतो, जीपीएस वापरा.

अडकलेल्या लाटा पाहायच्या तर नांगरून उपयोग नाही, कारण तुमच्या जागी सीमा फक्त तिरपी झालेली दिसेल. सुकतीच्या भरात उंचवट्यावरून प्रवाहाच्या रेषेत, २ मीटर प्रतिसेकंद वेगाने, इको साउंडर चालू ठेवून चारपाच फेऱ्या मारा. एकाच जागी शिखरं येत राहिली तर त्या अडकलेल्या लाटा. त्यांची लांबी प्रवाहावर ठरते. दोन्ही थर साधारण एकाच वेगाने वाहत असतील तर ०.४ ला सुमारे ११ मीटर, ०.५ ला सुमारे २२. प्रवाह ०.५९ च्या जवळ गेला की लांबी वाढत वाढत अमर्याद होते. खाडीच्या मुखाजवळ वाळूचा दांडा असेल तर पावसाळ्यात या फेऱ्या तिथे मारू नका. दांड्यावर फुटणारी लाट आणि सुकती एकमेकांवर चढतात तिथे लहान होडीचं काम नाही.

नजरेलाही काही दिसतं. वाऱ्याशिवायच्या सकाळी काठावर थोडं उंच उभं राहा. गढूळ पाण्यावर एक गुळगुळीत पट्टा, एक बारीक तरंगांचा, पुन्हा गुळगुळीत, असे खाडीला आडवे पट्टे दिसतात, आणि फेस, पाला, जलपर्णी एका रेषेत गोळा होते. खाली लाट जाताना वरचं पाणी कुठे एकत्र येतं आणि कुठे फाकतं, त्याचा हा ठसा. पट्टे प्रवाहाविरुद्ध सरकत असतील तर सुटलेली रांग तुमच्या डोळ्यांसमोर आहे. होडीवाल्यांना विचारा, अशा पाण्यात इंजिन तेवढंच असूनही होडी जड जाते का. १८९३ मध्ये ध्रुवप्रदेशाचे शोधक नानसेन यांचं फ्राम जहाज सायबेरियाच्या उत्तरेला असंच रखडलं होतं. समुद्रशास्त्रज्ञ एकमन यांनी टाकीतल्या प्रयोगांनी १९०४ मध्ये कारण दाखवलं: जहाजाची शक्ती सीमेवर लाटा उठवण्यात खर्च होत होती.

टाकीचा प्रयोग तुम्हीही करू शकता. ६० सेंटीमीटरच्या माशांच्या काचपेटीत ५ सेंटीमीटर खारं पाणी भरा, लिटरला ३० ग्रॅम मीठ आणि थोडा रंग घालून. वर स्पंजचा तुकडा तरंगत ठेवून त्यावरून हळूहळू ५ सेंटीमीटर गोडं पाणी सोडा. इथे लाटेचा वेग सेकंदाला ७ सेंटीमीटर येतो. तळावरून २ सेंटीमीटर उंचीची गोल पट्टी दोऱ्याने सेकंदाला ५ सेंटीमीटर ओढा. सीमा तिच्यामागे खोल खचते, मग उसळते. पट्टी थांबवली की लाटा पुढे सुटतात. खाडीत अंदाजाने जोडावं लागतं ते इथे एका नजरेत दिसतं.

आता सरासरी. समजा सीमा खरोखर अर्धा मीटर जाड आहे आणि ती ३ ते ४.५ मीटरमध्ये झुलते. वीस कास्टची खोलीनुसार सरासरी काढलीत तर क्षारता ५ वरून ३० पर्यंत दोन मीटरभर सावकाश चढताना दिसेल. त्यावरून रिचर्डसन अंक काढाल तर तोही चुकेल, आणि सरमिसळीचा गुणांक भलताच येईल. त्याऐवजी प्रत्येक कास्टमध्ये क्षारता १७.५ कुठे येते ती खोली शोधा. त्या खोलीची सरासरी आणि चढउतार वेगळे नोंदवा, आणि बाकीचा कास्ट त्या बिंदूपासून वर-खाली किती अंतर अशा मापात मांडून मग सरासरी काढा. सीमेची खरी जाडी टिकून राहते आणि लाटही हरवत नाही.

तासातासाला एक कास्ट या पद्धतीने १२ तास २५ मिनिटांचं भरती-सुकतीचं चक्र मोजलंत तर सुकती ओसरतानाचा एकटा कास्ट नेमका लाटेच्या खळग्यात किंवा खळग्याबाहेर पडेल आणि मिठाच्या वहनाचा आकडा त्यावर डोलेल. सुकती ओसरण्याच्या वेळेआधी वीस मिनिटं ते नंतर चाळीस मिनिटं कास्ट सलग, दर मिनिटाला एक असे घ्या. बाकी वेळी तासाला एक पुरेल. जवळपास पाणी उचलण्याची जॅकवेल असेल तर तिचा तोंडाचा पाइप सरासरी सीमेच्या नव्हे, लाटेतल्या सर्वांत उंच सीमेच्या वर आहे का ते बघा, आणि उंचवट्यामागे पाणी उसळतं त्या पट्ट्यात तर नाही ना, तेही.

हातातल्या डेटावर लगेच करता येण्याजोगं एक काम आहे. फिशफाइंडरची त्या वीस मिनिटांची नोंद साठवलेली असेल तर तळाची रेघ आणि सीमेची रेघ दर दहा सेकंदांनी वाचून एकाच आलेखात काढा, आणि त्यावर तुमच्या दोन कास्टच्या वेळा खुणा करून ठेवा. ३ मीटरचा कास्ट दोन खळग्यांच्या मध्ये आणि ४.५ चा खळग्यात बसला, तर सीटीडी तपासायला पाठवायची गरज नाही.